शंभर मीटरमध्ये आणखी किती? : धावपटू वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा शंभर, दोनशे आणि चारशे मीटरच्या शर्यतींविषयीची पत्रे अधिक आली, याचा मला मनापासून आनंद झाला. जानेवारीतल्या मॅरेथॉनमुळे मुंबईत धावण्याची गोडी लागली, पहाटे मरीन ड्राइव्हवर सर्व वयांची माणसे पळताना दिसू लागली. परंतु शाळा-कॉलेज सुटल्यानंतरही पूर्ण वेगाने शंभर मीटर धावणारा माणूस या शहरात अजून शोधावाच लागतो. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला असून माझे वय ४१ आहे. आमच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत गेल्या वर्षी मी १०० मीटर १४.२ सेकंदांत धावलो आणि या वर्षी १४ सेकंदांच्या आत यायचेच, असे ठरवले. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस कामावर जाण्यापूर्वी मैदानावर जाऊन शंभर मीटरच्या दहा धावा काढतो; दोन धावांच्या मध्ये एक मिनिट थांबतो. सुरुवातीला थोडा फरक पडला, पण आता १४.५ च्या आत वेळ येत नाही. शेवटच्या टप्प्यात दातओठ खाऊन जोर लावतो, तरी शेजारचे पुढे निघून जातात. माझी जिद्द कमी पडते का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : आठवड्यातून पाच दिवस पहाटे उठून जो माणूस पन्नास वेळा शंभर मीटर धावतो, त्याच्या जिद्दीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपण ती जिद्द जेथे खर्च करत आहात, ती जागा मात्र बदलायला हवी.

लांब पल्ल्याच्या धावण्यात दमलेल्या शरीराला आणखी थोडे पुढे नेणे, म्हणजे आपली मर्यादा ओलांडणे, असे आपण मानतो आणि तेथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. शंभर मीटरची गोष्ट निराळी आहे. पूर्ण वेगाने धावण्यासाठी स्नायू ज्या साठ्यावर प्रामुख्याने अवलंबून असतात, त्या फॉस्फोक्रिएटिनचा बहुतेक भाग सहा ते दहा सेकंदांत वापरला जातो आणि तो पुन्हा भरून यायला काही मिनिटे लागतात. आपण एका मिनिटाने पुन्हा धावू लागता, तेव्हा साठा अर्धवटच भरलेला असतो. चौथ्या-पाचव्या धावेपासून आपण वेगाचा सराव करतच नाही, दमलेल्या अवस्थेत जमेल तितक्या वेगाने धावण्याचा सराव करता. जे वारंवार करायला लावावे ते शरीर शिकते, आणि आपल्या पायांनी १४.५ सेकंदांची धाव उत्तम प्रकारे आत्मसात केली आहे.

पूर्ण वेगाच्या धावेनंतर प्रत्येक दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती घ्यावी, असा प्रशिक्षकांचा ठोकळ नियम आहे. म्हणजे तीस मीटरच्या धावेनंतर तीन मिनिटे आणि साठ मीटरनंतर सहा मिनिटे. नेहमीची लोकल गाठायची घाई असताना मैदानावर सहा मिनिटे नुसते चालत राहणे मुंबईकराच्या जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरीही ही सहा मिनिटे म्हणजे सरावच आहे, असे आपण मानावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाच दिवसांऐवजी आठवड्यातून दोनच दिवस, तेही मध्ये किमान दोन दिवस सोडून, पूर्ण वेगाने धावावे. एका दिवशी वीस ते तीस मीटरच्या पाच-सहा सुरुवाती कराव्यात. दुसऱ्या दिवशी तीस मीटर हळूहळू वेग वाढवत यावे, पुढचे वीस मीटर पूर्ण वेगाने धावावे आणि मग सावकाश थांबावे. अशा चार धावा पुरेत. प्रत्येक धावेची वेळ सोबत्याकडून घ्यावी आणि ती स्पष्टपणे घसरू लागली की त्या दिवसापुरते बूट काढावेत. अंगात दम शिल्लक असताना घरी जाणे आपल्यासारख्या कष्टाळू माणसाला दहा धावा काढण्यापेक्षा कठीण वाटेल, आणि मला विचाराल तर मनाची खरी परीक्षा तेथेच आहे.

आता दातओठ खाण्याविषयी. युसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, त्या शर्यतीचे दर वीस मीटरचे मोजमाप उपलब्ध आहे. साठ ते ऐंशी मीटर हे अंतर त्याने १.६१ सेकंदांत कापले, तर शेवटच्या वीस मीटरला त्याला १.६६ सेकंद लागले. जगातला सर्वांत वेगवान माणूस त्याच्या सर्वोत्तम दिवशीदेखील शेवटी मंदावला. आपल्या-माझ्यासारख्यांचा सर्वाधिक वेग चाळीस मीटरच्या आसपासच येऊन जातो आणि उरलेली शर्यत आपण मंदावत धावतो. त्यामुळे शेवटी शेजारचा जो आपल्याला मागे टाकून उसळी मारताना दिसतो, त्याचा वेग बहुधा वाढलेला नसतो, तो आपल्यापेक्षा कमी मंदावत असतो. जोर लावणारा माणूस अधिक मंदावतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर कोणत्याही आंतरकार्यालयीन स्पर्धेत सत्तर मीटरच्या खुणेजवळ बाजूला उभे राहावे. जबडा आवळलेला, मानेच्या शिरा ताठ, मुठी घट्ट आणि खांदे कानांकडे चढलेले, असे धावपटू एकामागून एक समोरून जातात. खांदे वर चढले की हातांचा झोका आखूड होतो, हनुवटी वर जाते, कंबर मागे राहते आणि पाऊल शरीराच्या खाली पडण्याऐवजी पुढे पडून प्रत्येक पावलाला ब्रेक लावते. डोळे मिटले तरी हा बदल ऐकू येतो : आधी चवड्यांचा हलका टपटप आवाज येत असतो, त्याच्या जागी तळव्यांची फटफट सुरू होते. यावर मी एक साधा सराव सुचवतो. मैदानावर पडलेले वाळके पान दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अलगद धरावे आणि पान न चुरगळता साठ मीटर वेगाने धावावे. बोटे सैल राहिली की खांदे खाली राहतात. पहिल्या काही दिवसांत बहुतेकांच्या हातात पानाचा चुरा उरतो.

राहिला ताकदीचा भाग. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की वेगवान धावपटू हवेत पाय फार जलद हलवतात असे नसून ते जमिनीवर अधिक जोराने रेटा देतात. हा रेटा देण्यासाठी उत्तम धावपटूला प्रत्येक पावलाला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग मिळतो. म्हणून व्यायामशाळेत उठाबशा आणि वजन उचलण्याचे व्यायाम आठवड्यातून दोनदा करावेत. आपण विक्रोळीचे आहात, तेव्हा पार्कसाइटकडचे चढ आपल्या हाताशी आहेत. पहाटे वर्दळ नसताना अशा एखाद्या चढावर वीस-पंचवीस मीटरच्या पाच-सहा धावा काढाव्यात आणि चालत खाली यावे. चढावर पाऊल आपोआप शरीराच्या खाली पडते आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर ताणही कमी येतो. चाळिशीनंतर पूर्ण वेगाने धावण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे अंग गरम करणे अनिवार्य आहे, आणि रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीही करू नये.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या स्पर्धेत स्टॉपवॉचवर तिची १०० मीटरची वेळ १३.२ सेकंद आली होती. महिनाभरानंतर सिंथेटिक ट्रॅकवर झालेल्या मोठ्या स्पर्धेत ती १३.४८ सेकंदांत धावली. ती फार हिरमुसली आहे आणि तिने ढिलाई केली असे तिला ऐकून घ्यावे लागत आहे. चांगल्या ट्रॅकवर वेळ वाढते कशी?
— एक पालक, परळ

उत्तर : आपल्या मुलीने काहीही ढिलाई केलेली नाही, हे तिला आजच सांगावे. मोठ्या स्पर्धेतले इलेक्ट्रॉनिक घड्याळ पिस्तुलाच्या आवाजाबरोबर आपोआप सुरू होते आणि अंतिम रेषेवरचा कॅमेरा धावपटूचे धड रेषेवर आल्याचा क्षण शतांश सेकंदापर्यंत टिपतो. हाताने वेळ घेणाऱ्याचे बोट मात्र सुरुवातीला किंचित उशिरा दाबले जाते आणि शेवटी, धावपटू समोरून येताना दिसत असल्यामुळे, जवळजवळ वेळेवर दाबले जाते. म्हणून हाताने घेतलेली वेळ नेहमी कमी भरते. १०० आणि २०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरण्याची जुनी पद्धत आहे. त्या हिशेबाने शाळेतले १३.२ म्हणजे १३.४४ होतात. या दोन वेळांमध्ये फरक असा उरतच नाही.

त्यातही शाळेतली सुरुवात शिट्टीने झाली असेल आणि वेळ घेणारे शिक्षक अंतिम रेषेवर उभे राहून ती शिट्टी ऐकून बटण दाबत असतील, तर चूक आणखी मोठी असते. आवाजाला शंभर मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. म्हणूनच पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपरच्या फळ्या मिटताना पाहून घड्याळ सुरू करावे, असे वेळाधिकाऱ्यांना शिकवले जाते. वाऱ्याचाही विचार करावा. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक वेगाने वारा असेल, तर १०० मीटरचा विक्रम मान्य होत नाही, आणि समुद्राजवळच्या आपल्या मैदानांवर दुपारनंतर वारा चांगलाच वाहतो.

शतांश सेकंदाची किंमत आपल्या देशाला वेगळी सांगायला नको. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद होती आणि कांस्यपदक ५५.४१ ला गेले. म्हणून मुलीच्या वहीत हाताने घेतलेल्या वेळा आणि इलेक्ट्रॉनिक वेळा यांची पाने वेगवेगळी ठेवावीत आणि एकीची तुलना दुसरीशी कधीही करू नये. पंधराव्या वर्षी शरीर झपाट्याने बदलत असते. एखादे वर्ष वेळ जागच्या जागी राहिली, तरी घरातल्यांनी त्याचा बाऊ करू नये.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून पुढच्या वर्षी मास्टर्स गटात २०० मीटर धावण्याची माझी इच्छा आहे. गेल्या आठवड्यात वळणावरून बाहेर पडताना उजव्या मांडीच्या मागे अचानक चमक आली. मैत्रिणी म्हणतात, की मर्यादा ओलांडायची तर दुखणे अंगावर काढावेच लागते. धावत राहू का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : धावू नये. सरावाने आलेला थकवा दोन्ही पायांत पसरलेला असतो आणि तो हळूहळू वाढतो. धावता धावता एकाच जागी अचानक आलेली चमक ही दुखापत मानावी. वेगाने धावताना पाऊल जमिनीवर टेकण्याच्या अगदी आधी, पाय पुढे फेकला गेलेला असताना, मांडीचा मागचा स्नायू लांबलेल्या अवस्थेत मोठा ताण पेलत असतो आणि बहुतेक वेळा तो तेव्हाच दुखावतो. चालताना दुखत असेल, तेथे काळेनिळे झाले असेल किंवा बोट लावताच कळ येत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. पहिल्या काही दिवसांत तो भाग जोराने ताणू किंवा चोळू नये. वेदनेशिवाय भराभर चालता येऊ लागले की संथ धावणे, ते जमले की निम्म्या वेगाने धावणे, अशा पायऱ्यांनी वेग वाढवावा आणि कोणत्याही पायरीवर दुखले तर एक पायरी मागे यावे.

बरे झाल्यानंतर एक व्यायाम कायम करावा. गादीवर गुडघे टेकून बसावे, सोबतीणीने घोटे घट्ट धरावेत आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे शरीर सरळ ठेवून, पडणे रोखत रोखत, शक्य तितके सावकाश पुढे झुकावे. शेवटी हात टेकावेत. या नॉर्डिक व्यायामामुळे या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसून आले आहे. पहिल्या आठवड्यात पाय बरेच दुखतील, म्हणून थोड्या आवर्तनांपासून सुरुवात करावी. मास्टर्स गट वयाच्या पस्तिशीपासून सुरू होतात आणि पुढे दर पाच वर्षांनी गट बदलतो, तेव्हा आपल्याला घाई करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : सर, मी वीस वर्षांचा असून कॉलेजकडून ४०० मीटर धावतो. माझी सर्वोत्तम वेळ ५४.० आहे, २०० मीटरची २४.२. ही ५४.० गेल्या शर्यतीतलीच. तिच्यात पहिले दोनशे मी २४.८ मध्ये गेलो, सर्वांच्या पुढे होतो, पण शेवटच्या शंभरात पाय उचलेनात आणि चौघे पुढे गेले. वेदना सहन करण्याची ताकद कशी वाढवावी?
— एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : तुझ्या पत्रातच उत्तर आहे, फक्त एक वजाबाकी करावी लागेल. पहिले दोनशे २४.८ आणि दुसरे २९.२, दोन्हींत ४.४ सेकंदांचा फरक. चांगल्या चारशेमध्ये हा फरक दोन सेकंदांच्या आसपास असतो. तुझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम दोनशेपेक्षा अवघ्या ०.६ सेकंदाने कमी वेगात तू अर्धी शर्यत पार केलीस आणि तेव्हाच पुढचे सगळे ठरून गेले. इतक्या वेगाने धावताना स्नायूंमध्ये आम्लता फार लवकर साठते, स्नायूंचे आकुंचन क्षीण होते आणि मनाने कितीही हुकूम सोडला, तरी गुडघा वर येत नाही. चारशे मीटर ही वेदना सहन करण्याची शर्यत आहे, हे मी नाकारत नाही. उलट आखूड शर्यतींमध्ये हीच एक अशी आहे, की जिच्या शेवटच्या साठ-सत्तर मीटरमध्ये निव्वळ मनोबलाला जागा आहे. परंतु तेथपर्यंत पाय शिल्लक राहिले पाहिजेत. पुढच्या शर्यतीत पहिले दोनशे २५.६ मध्ये जावे, अशी माझी सूचना आहे. दुसरे दोनशे २७.६ मध्ये आले, तरी तुझी वेळ ५३.२ होते.

वेगाचे हे वाटप थोरामोठ्यांनाही सतावते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४५.७३ सेकंदांत चौथे आले आणि कांस्यपदक ४५.६० ला गेले. अडीचशे मीटरच्या सुमारास आपण वेग आवरला हीच चूक झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. तुझी चूक नेमकी उलटी आहे, पण दोन्हींचे मूळ एकच : ठरवलेला वेग सोडून इतरांच्या हिशेबाने धावणे. याच्या उलट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली ४०० मीटरची अंतिम शर्यत पाहावीस. दक्षिण आफ्रिकेचा वेड वॅन नीकर्क सर्वांत बाहेरच्या, आठव्या लेनमध्ये होता. बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे असल्यामुळे शर्यतीचा बराचसा भाग त्याला एकही प्रतिस्पर्धी दिसत नव्हता, आणि त्याने ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

वेगाची ही जाण अंगी बाणवावी लागते. गिरगावातून तुला मरीन लाइन्सचे विद्यापीठाचे मैदान जवळ आहे. सिंथेटिक ट्रॅकसाठी प्रियदर्शिनी पार्कही लांब नाही. मित्राला शंभर मीटरच्या खुणेवर स्टॉपवॉच आणि शिट्टी देऊन उभे कर. त्याने बरोबर १३ सेकंदांनी शिट्टी वाजवावी आणि त्या क्षणी तू त्याच्यासमोरून जात असावास. आधी पोहोचलास तर तेही चुकीचेच. असे दोनशे मीटर २५.६ च्या वेगाने तीन वेळा, मध्ये आठ-दहा मिनिटे विश्रांती घेऊन, आठवड्यातून एकदा धाव. दुसऱ्या एका दिवशी तीनशे मीटरच्या दोनच धावा काढ, मध्ये पंधरा मिनिटे पूर्ण विश्रांती घे आणि दोन्ही वेळी शेवटच्या साठ मीटरमध्ये फक्त हातांकडे लक्ष दे : कोपरे मागे जात आहेत का, खांदे खाली आहेत का. पाय ऐकेनासे झाले, तरी हात काही काळ ऐकतात आणि पावलांना आपल्या तालात ठेवतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा सराव सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर कर. पुढच्या शर्यतीनंतर दोन्ही दोनशेंच्या वेळा वेगवेगळ्या लिहून मला कळव. नुसती एकूण वेळ पुरेशी होणार नाही.